ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल = ७.२ : किडनीची घंटा की लॅबची हौस?

चिंचवडचा_मधला | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

वय ५४, टाइप २ मधुमेह नऊ वर्षांचा. मागच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये एका लॅबचं शिबिर होतं, 'इतक्या चाचण्या, इतक्याच रुपयांत' छापाचं. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला. एकोणीस पानं! त्यातलं कामाचं देतो:

तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी) ७.९. कोलेस्टेरॉल १८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४६, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १०३. क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा) ०.९. लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) 'नील', म्हणजे नाही.

या सगळ्यात लाल रंगात, ठळक, बाजूला उद्गारचिन्हाचा त्रिकोण काढून लिहिलंय ते 'ट्रायग्लिसराइड / एचडीएल गुणोत्तर ७.२'. खाली बारीक अक्षरांत 'हृदय व मूत्रपिंडविकाराचा वाढीव धोका संभवतो'.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण माझा थोरला भाऊ गेल्या वर्षापासून डायलिसिसवर आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. शनिवारी मी त्याला नेतो. आत चार तास त्याचं रक्त फिरतं, बाहेर बाकड्यावर बसून माझं डोकं. दादाची चरबी पहिल्यापासून वाढलेली होती, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. "तूप सोड" हे वाक्य आई गेली तोवर त्याला ऐकवत होती.

तर प्रश्न दोन. या गुणोत्तरावरून किडनीचं भविष्य खरंच कळतं का? आणि गोळी घेऊन ट्रायग्लिसराइड खाली आणलं तर किडनी वाचते का?

---

खवट_चकली | रविवार, रात्री १०.५२

पहिला!

एकोणीस पानांत राशिभविष्य होतं की ते वेगळे पैसे भरून?

---

घाण्याचं_तेल | रविवार, रात्री ११.०५

रिफाइंड तेल बंद करा. लाकडी घाण्याचं करडई किंवा शेंगदाणा तेल आणा. आमच्या आजोबांना ९१ व्या वर्षापर्यंत ट्रायग्लिसराइड नव्हतं.

---

खवट_चकली | रविवार, रात्री ११.०७

@घाण्याचं_तेल, नव्हतं की मोजलं नव्हतं?

---

लेस्टरवासी | सोमवार, पहाटे २.१५

चिंचवडकर, ७.२ म्हणजे फारच आहे हो. माझं १.९ आलंय, जीपीच्या (इथल्या फॅमिली डॉक्टरच्या) नर्सबाई काहीच बोलल्या नाहीत. मी इथे इंग्लंडात आल्यापासून संध्याकाळी सातला जेवतो, त्याचा परिणाम असावा. जमल्यास करून बघा.

---

सेंट्रिफ्यूज | सोमवार, सकाळी ७.३०

मी सांगलीत लॅबमध्ये टेक्निशियन आहे, अठरा वर्षं. सकाळच्या नळ्या फिरायला लावल्यात, तेवढ्या वेळात लिहिते.

आधी @लेस्टरवासी: तुमच्याकडे मिलिमोलमध्ये मोजतात, आमच्याकडे मिलिग्रॅममध्ये. दोन्हीकडचं गुणोत्तर एक नसतं. तुमच्या आकड्याला साधारण २.३ ने गुणा. १.९ चे इथले झाले ४.३ च्या वर. चिंचवडच्या काकांचे ७.२ तुमच्याकडे ३.१६ भरले असते. तेव्हा सातला जेवून फार काही झालेलं दिसत नाही.

आता चिंचवडचे काका. हे गुणोत्तर लॅब मोजत नाही, संगणक भागाकार करतो. त्याला रसायन लागत नाही, नळी लागत नाही, माझा हातही लागत नाही. म्हणून पॅकेजमध्ये अशी गुणोत्तरं चार-चार असतात आणि चाचण्यांचा आकडा फुगतो. एलडीएलसुद्धा बऱ्याच ठिकाणी मोजलेलं नसतं. १९७२ च्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. तुमचंच करून बघा, १८६ वजा ३४ वजा ४९ = १०३. जुळलं ना? ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र लागू पडत नाही, आणि त्याच्या खालीही ते जितकं चढं तितकं एलडीएल असेल त्याहून चांगलं दिसतं. त्यापेक्षा एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल करा, म्हणजे नॉन-एचडीएल. तुमचं १५२. हा आकडा जास्त भरवशाचा, आणि उपाशीपोटी नसलात तरी चालतो.

शिबिराच्या आदल्या रात्री काय खाल्लं होतं? ट्रायग्लिसराइड फार हलतं. ज्यांचं हजाराच्या घरात असतं त्यांची नळी फिरवून काढली की वर पिवळसर पाण्याऐवजी दूध दिसतं. अगदी दूध. नव्या मुली घाबरतात.

आणि शेवटचं: तुमच्या एकोणीस पानांत 'युरिन एसीआर' आहे का? अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर? बघून सांगा.

---

चिंचवडचा_मधला | सोमवार, सकाळी ९.१०

ताई, आदल्या रात्री साडूच्या मुलाचा साखरपुडा. बासुंदी. दोनदा.

एसीआर शोधलं, नाही. पण लघवीत अल्ब्युमिन नील आहे असं लिहिलंय की. तेच ना?

---

सेंट्रिफ्यूज | सोमवार, सकाळी ९.२५

ते नव्हे. ते पट्टी बुडवून रंग बघणं झालं. पट्टी जाड्या कानाची असते, अल्ब्युमिन ओरडायला लागलं की तिला ऐकू येतं. एसीआर ३० च्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे गाळणीतून गळायला लागलंय, ३०० च्या वर म्हणजे बरंच गळतंय. पट्टी बहुतेकदा त्या तिसऱ्या मजल्यावर रंग बदलते. खालच्या दोन मजल्यांवर काय चाललंय ते तिला दिसत नाही.

---

आकडेमोड्या | सोमवार, दुपारी १.४०

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: संबंध आहे, आणि बऱ्यापैकी पक्का आहे. इटलीतल्या मधुमेह केंद्रांनी पंधरा हजारांवर टाइप २ रुग्ण चार वर्षं पाहिले, २०१६ साली छापलं. सुरुवातीला सगळ्यांच्या किडन्या ठाकठीक होत्या. ज्यांचं ट्रायग्लिसराइड १५० च्या वर किंवा एचडीएल कमी, त्यांच्यात किडनीची गाळण्याची ताकद घटण्याचं आणि लघवीत अल्ब्युमिन येण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने जास्त निघालं.

पण हा 'पाव हिस्सा' नीट समजून घ्या. शंभरातल्या वीस जणांना होणार असेल तर पंचवीस जणांना, इतकाच त्याचा अर्थ. (वीस हा आकडा उदाहरणापुरता घेतलाय, त्यावरून भांडू नका.) ७.२ आहे म्हणून तुमचं ठरलं, असं नाही. आणि १.९ आलं म्हणून लेस्टरवाले सुटले, असंही नाही.

दुसरं म्हणजे आधी काय आणि मागून काय. ट्रायग्लिसराइड वाढलेला माणूस सहसा कोण असतो? पोट सुटलेला, इन्शुलिनला दाद न देणारा, साखर चढी, रक्तदाब चढा. हे सगळे एकाच वरातीतले. वरातीत पुढे नाचतो तोच नवरा असं नसतं.

---

खवट_चकली | सोमवार, दुपारी १.४४

बासुंदीवाले साडू मात्र वरातीतलेच.

---

केटोकुमार | सोमवार, दुपारी ३.३०

सगळे उगाच गुंतागुंत करताय. ट्रायग्लिसराइड म्हणजे खाल्लेलं पीठ आणि साखर. मी भात-पोळी सोडून सात महिने झाले. ३१० वरून १२८. गुणोत्तर ८ वरून ३. गोळ्या निम्म्या. किडनीला धोका साखरेने होतो, चरबीने नाही. चिंचवडकर, उद्यापासून अंडी-पनीर-तूप सुरू करा, महिन्याभरात फरक दिसेल.

---

डॉ_फिरकी | सोमवार, रात्री ११.२०

किडनीचाच डॉक्टर आहे, ओपीडी आत्ता संपली. चिंचवडकरांचा प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो. मात्र इथे मी कोणालाही औषध लिहून देत नाही. ते तुमच्या डॉक्टरांकडून.

चरबीने किडनी बिघडते ही कल्पना नवी नाही. १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये मूरहेड आणि सहकाऱ्यांनी मांडणी केली, ती थोडक्यात अशी: गाळणीतून प्रथिनं गळतात, ती भरून काढायला यकृत जोरात कामाला लागतं, प्रथिनांबरोबर चरबी वाहून नेणारे कणही जास्त बनवतं, आणि ते कण पुन्हा गाळणीतच रुतून तिला आणखी खराब करतात. म्हणजे चक्र. यातला पहिला अर्धा भाग आम्ही रोज पाहतो. लघवीतून खूप प्रथिनं जाणाऱ्या रुग्णाचं कोलेस्टेरॉल ३५०-४०० सहज असतं, आणि मूळ आजार आटोक्यात आला की ते आपोआप उतरतं. किडनी कमजोर झाल्यावर ट्रायग्लिसराइड फोडणारं एन्झाइमही मंदावतं. म्हणजे किडनी बिघडली म्हणून चरबी वाढली, असंही होतं. आकडेमोड्यांनी 'आधी काय, मागून काय' म्हटलं ते इथे महत्त्वाचं.

आता दुसरा प्रश्न, गोळीने ट्रायग्लिसराइड उतरवलं तर? हा प्रयोग करून झालाय. पेमाफायब्रेट नावाच्या औषधाचा 'प्रॉमिनंट' अभ्यास, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, दहा हजारांवर रुग्ण. आत घ्यायच्या अटी: टाइप २ मधुमेह, ट्रायग्लिसराइड २०० ते ४९९, एचडीएल ४० किंवा कमी. चिंचवडकर, २४६ आणि ३४ घेऊन तुम्ही अगदी दारातून आत गेला असता! ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्के जास्त उतरलं. हार्ट अटॅक, स्ट्रोक तेवढेच राहिले. किडनीच्या तक्रारी उलट औषध घेणाऱ्यांत जास्त.

मी रुग्णांना एसटीचं उदाहरण देतो. पाटीवर 'सातारा' आहे तर गाडी बहुधा साताऱ्याला जाणार, पाटी वाचून अंदाज बांधता येतो. पण पाटी बदलून 'कोल्हापूर' लावली म्हणून ड्रायव्हर पुढे जात नाही.

किडनीसाठी ज्याने खरोखर फरक पडतो ते वेगळं आहे. रक्तदाब, साखर, आणि लघवीत अल्ब्युमिन असेल तर रक्तदाबाची, लोसार्टन-टेल्मिसार्टनच्या घराण्यातली गोळी (२००१ चे रेनाल आणि आयडीएनटी हे अभ्यास). त्यानंतर वीसेक वर्षं आमच्या हाती नवं काही नव्हतं. २०१९ पासून 'ग्लिफ्लोझिन' मंडळी (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) आली. २०२० च्या डापा-सीकेडी अभ्यासात डापाग्लिफ्लोझिनने किडनी ढासळण्याचा, डायलिसिसचा आणि किडनी वा हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला. त्याच वर्षी भारतात त्याचं मूळ पेटंट संपलं, २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं संपलं. साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा-पंधरावर आली. माझ्या ओपीडीत खेड्यातून येणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर आता ती मी बिनधास्त लिहितो. पूर्वी लिहिताना त्याच्या चपलांकडे नजर जायची, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

@केटोकुमार, अभिनंदन, १२८ छान आहे, आणि आहाराने ट्रायग्लिसराइड उतरतं हे खरंच. पण 'गोळ्या निम्म्या' केल्यात त्यात कुठली ग्लिफ्लोझिन उरली आहे का? असेल तर पिष्ट एकदम बंद करणं धोक्याचं. साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, धाप, आणि ग्लुकोमीटरवर १८०, त्यामुळे घरच्यांना कळतच नाही. निर्जळी एकादशी करणाऱ्यांनाही हेच सांगतो.

---

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी ६.५०

आमच्या आगाराची गाडी पाटीवर लिहिलेल्या गावालाबी पोचत नाही डॉक्टरसाहेब. (बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, मला बोलायचा हक्क आहे.)

माझा अनुभव सांगतो. ट्रायग्लिसराइड ४८० निघालं म्हणून मला फेनोफायब्रेट दिलं. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन १.१ चं १.४. बायको रडायलाच लागली, मुलगा पुण्याहून रातोरात आला. एका मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं पाच मिनिटांत "किडनी गेली" म्हणून मोकळे झाले, गोळ्या कोणत्या चालू आहेत हे विचारलंसुद्धा नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या एमबीबीएस डॉक्टरांनी पिशवी उघडून एकेक पाकीट बाहेर काढलं अन् फेनोफायब्रेट बाजूला ठेवलं. सहा आठवड्यांनी १.१. तेव्हापासून कुठंही जाताना गोळ्यांची पिशवी संगट असते.

---

डॉ_फिरकी | मंगळवार, सकाळी ८.०५

@सोलापुरी_चादर, तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन वाढतं आणि बंद केल्यावर बहुधा परत येतं, हे २००५ च्या फील्ड अभ्यासात दिसलं होतं. ९,७९५ मधुमेही, पाच वर्षं. गंमत अशी की त्याच अभ्यासात फेनोफायब्रेट घेणाऱ्यांची लघवीतली गळती थोडी कमी राहिली. म्हणून मी 'फायब्रेट वाईट' असं म्हणणार नाही. ट्रायग्लिसराइड ५०० च्या पुढे, हजाराकडे गेलं की स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते, तिथे ते लागतं. डोळ्याच्या पडद्यासाठीही त्याचा उपयोग दिसलाय. फक्त किडनी वाचवायला म्हणून ते घेऊ नका.

---

बार्देसकर | मंगळवार, दुपारी १२.१५

गोव्यातून. चरबी उतरवायच्या घरगुती उपायांवरून आठवलं. आमच्याकडे परसात बिंबलं असतात, झाडाच्या खोडालाच लगडलेली, हिरवीगार, काकडीच्या पिल्लांसारखी. मीठ लावून उन्हात वाळवली की वर्षभर आमटीला आंबट. कोणीतरी सांगितलं की याचा रस कोलेस्टेरॉलवर रामबाण. आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी उपाशीपोटी पेला भरून घ्यायला लागल्या. दहाव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद, तोंड सुजलेलं. तीनदा डायलिसिस करावं लागलं, मग किडन्या परत सुरू झाल्या. देव पावला.

आमटीतल्या दोन बिंबलांनी काही होत नाही, आम्ही खातोच. पेलाभर कच्चा रस ही वेगळी गोष्ट.

---

डॉ_फिरकी | मंगळवार, दुपारी २.३०

बार्देसकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बिंबलात ऑक्झलेट प्रचंड, रसात ते एकवटतं आणि किडनीत त्याचे स्फटिक जमतात. केरळातल्या डॉक्टरांनी असे दहा रुग्ण एकत्र नोंदवलेत, तेही कोलेस्टेरॉलसाठीच रस पीत होते. करमळाचं म्हणजे स्टारफ्रूटचंही तेच. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना ते मेंदूपर्यंत बाधतं. चिंचवडकर, दादांना करमळ अजिबात नको, एक फोडसुद्धा.

---

घाण्याचं_तेल | मंगळवार, दुपारी ३.००

म्हणून म्हणतो, तेल बदला.

---

पेठेतला_काटकुळा | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

वर आकडेमोड्यांनी 'पोट सुटलेला' म्हटलं त्याला माझा आक्षेप आहे. वजन ५८, कंबर ३२, तरी माझं ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३३, साखर ४१ व्या वर्षी. ऑफिसात डबा उघडला की लोक विचारतात, तुला कसा काय मधुमेह?

याचं उत्तर आमच्या गावातच मिळालं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बाहेरून काटक, आतून लोण्याचा गोळा. जन्माला येणारी बाळंही तशीच, लहानखुरी पण चरबी राखून, हेही याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. त्यामुळे आरशात बघून 'मला काय होतंय' म्हणू नका.

---

आकडेमोड्या | मंगळवार, संध्याकाळी ६.४५

आक्षेप मान्य. 'पोट सुटलेला' मागे, 'आतून लोणी' पुढे.

---

लेस्टरवासी | मंगळवार, संध्याकाळी ७.००

२.३ ने गुणलं. झोप उडाली. बायको म्हणते जेवायला सातला बस नाहीतर पाचला, रविवारी मिठाईच्या दुकानासमोर गाडी थांबवणं आधी बंद कर.

---

चिंचवडचा_मधला | शनिवार, दुपारी ४.५५

आज पुन्हा बाकड्यावर.

सेंट्रिफ्यूजताईंचं पट्टीचं वाचल्यावर वहिनीकडून दादाची जुनी फाईल मागवून घेतली. प्लास्टिकची, चेनवाली, वर एका औषध कंपनीचं नाव. २०१४ पासूनचे रिपोर्ट. मघापासून एकेक बघतोय.

कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडच्या प्रत्येक कागदावर लाल पेनाने गोल आहे. त्या वेळच्या डॉक्टरांनी केलेला. ३१०, २८५, ३४२. प्रत्येक गोलाशेजारी 'डाएट!!' असं. दोन उद्गारचिन्हं.

लघवीचा कागद दरवेळी शेवटी, टाचणी लावलेला. २०१४, नील. २०१५, 'ट्रेस'. २०१६, '++'. २०१७ मध्ये परत '++'. २०१९, '+++'. एकाही कागदावर गोल नाही. क्रिएटिनिन तोवर १.२ होतं, छापलेल्या मर्यादेच्या आत.

एसीआर कधीच केलेलं नाही.

दादा आत झोपलाय. त्याला सांगू की नको, कळत नाही. दहा वर्षं त्याने तूप खाल्लं नाही हो. पुरणपोळी दुधाबरोबर खायचा.

---

सेंट्रिफ्यूज | शनिवार, संध्याकाळी ५.१०

काका...

आम्ही तो '++' छापून देतो आणि दुसरी नळी घेतो. आता रात्रभर हेच डोक्यात राहील.

---

डॉ_फिरकी | शनिवार, रात्री ९.४०

चिंचवडकर, वाचून गप्प बसलो होतो. क्रिएटिनिन १.२ दिसायला निरुपद्रवी असतं. त्यावरून वय-लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळण्याची ताकद, काढला तर खरी घसरण दिसते, आणि अंगात स्नायू कमी असलेल्यांत तेही फसवं. तुमचं ०.९ म्हणजे ईजीएफआर १०१ च्या आसपास, ते उत्तम. पण गळती त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकते, म्हणून टाइप २ मध्ये निदान झालं त्या दिवसापासून दरवर्षी दोन्ही बघायचं, ईजीएफआर आणि एसीआर.

दादांना सांगायचं का? माझं मत, आज नको. त्यांची स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणारी) गोळी चालू असेल तर तीही या चर्चेवरून बंद करू नका. डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने स्टॅटिन दिल्याने फारसं हाती लागत नाही (जर्मनीत १,२५५ मधुमेही डायलिसिस रुग्णांवर पाहिलंय), पण आधीपासून चालू असेल तर ठेवतात. आणि तुमच्यासारख्यांना स्टॅटिन लागतेच, ती हृदयासाठी. २०११ च्या शार्प अभ्यासात किडनीच्या नऊ हजारांवर रुग्णांत कोलेस्टेरॉल उतरवल्याने हार्ट अटॅक-स्ट्रोकसारखे प्रकार १७ टक्के घटले, डायलिसिस मात्र लांबलं नाही. चरबीच्या कागदाचं काम ते आहे. किडनीचा कागद वेगळा.

---

केटोकुमार | रविवार, सकाळी ८.००

@डॉ_फिरकी, तुम्ही विचारलं होतं म्हणून पाकीट शोधलं. डापाग्लिफ्लोझिन आहे. आज डॉक्टरांना फोन करतो. आणि सकाळी एक भाकरी खाल्ली, नाचणीची.

---

संपादक | रविवार, सकाळी ११.००

तेलासंबंधीचे २३ प्रतिसाद 'घाणा विरुद्ध रिफाइंड : भाग ६' या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तिथेच भांडावे.

---

चिंचवडचा_मधला | सतरा दिवसांनी, रात्री ९.१५

धागा वर काढतोय, माफ करा.

एसीआर केलं. पहिलं आलं ९४. हातपाय गार पडले. ताईंना निरोप पाठवला तर त्यांनी विचारलं, आदल्या दिवशी काय केलंत? आदल्या दिवशी नातवाच्या हट्टापायी सिंहगड पायी चढलो होतो, आणि तीन दिवसांपूर्वी ताप येऊन गेला होता. ताईंनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पुन्हा करायला सांगितलं, व्यायाम नाही, ताप नाही, सकाळची पहिली लघवी. आलं ४१. डॉक्टर म्हणाले तिसरं दोन महिन्यांनी, तीनपैकी दोन ३० च्या वर आली की पक्कं धरायचं. सिंहगडाचं ते मोजणार नाहीत.

रक्तदाब १३८-८६ निघाला, अॅम्लोडिपिनच्या जोडीला टेल्मिसार्टन दिलंय. तिसऱ्या रिपोर्टनंतर ग्लिफ्लोझिनचं बघू म्हणाले. ट्रायग्लिसराइड बासुंदीशिवाय पुन्हा मोजलं तर १८८.

दादाला मी काही सांगितलं नव्हतं. पण त्या शनिवारी फाईल माझ्या मांडीवर बघितली होती त्याने. परवा गाडीत बसताना आपणहून म्हणाला, "तुझं लघवीचं काय आलं?" मी आकडा सांगितला. म्हणाला, "त्याच्यावर लाल गोल कर."

केलाय.

---

सोलापुरी_चादर | सतरा दिवसांनी, रात्री ९.३०

दादांना आमच्याकडून नमस्कार सांगा.

---

नवा_गडी_२० | एकविसाव्या दिवशी, दुपारी १.००

धागा मोठा आहे, वाचला नाही. माझं वय ४६, शुगर तीन वर्षं, ट्रायग्लिसराइड / एचडीएल ५.१ आलंय. गोळी कोणती चांगली?

---

सेंट्रिफ्यूज | एकविसाव्या दिवशी, दुपारी १.०२

भाऊ, आधी लघवीची डबी घेऊन या.